शस्त्रं नकोत, मग काय बनवायचं? : लुकास एरोस्पेसच्या कामगारांची १९७६ ची योजना

'इंजिनीअरांची नैतिक जबाबदारी' हा विषय संशोधनासाठी घ्यायचं ठरवलंत, तर पहिली अडचण अशी येते की त्यावर सगळ्यांचं आधीच एकमत असतं. तंत्रज्ञान शांततेसाठी वापरावं, विध्वंसासाठी वापरू नये, याला कोण नाही म्हणणार? शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा आपण शांतता टिकवण्यासाठीच काम करतो असं सांगतात. ज्या वाक्यावर सगळेच माना डोलावतात, त्यावर प्रबंध लिहिता येत नाही. फार तर भाषण होतं.

अशा वेळी इतिहासाच्या विद्यार्थ्याने विधान बाजूला ठेवून प्रसंग शोधायचा असतो. म्हणजे अशी जागा, जिथे खऱ्याखुऱ्या माणसांना, पगार चालू असताना आणि तो बंद पडायची भीतीही असताना, आपल्या हातातल्या कामाबद्दल काहीतरी ठरवावं लागलं. असा प्रसंग सापडला की 'जबाबदारी' या मोठ्या शब्दाचे भाग सुटे होतात. ती कोणाची होती? कोणापुढे होती? आणि ती निभावण्याची किंमत कोणी भरली?

या लेखात मी असा एक प्रसंग तुमच्यापुढे ठेवतो आहे. तो इंग्लंडमधला आहे, १९७४ ते १९८१ या काळातला. पण त्याआधी थोडक्यात दुसरं एक उदाहरण बघू. कारण 'तंत्रज्ञ आणि विवेक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा तेच किंवा तशाच प्रकारचं उदाहरण येतं.

एकट्याने उठून जाणं

जोसेफ रॉटब्लॅट हे पोलंडचे भौतिकशास्त्रज्ञ. १९४४ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत लॉस अ‍ॅलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर गेले. हिटलरच्या हाती बॉम्ब आधी पडला तर काय, ही भीती त्यांना तिथे घेऊन गेली होती. वर्ष संपता संपता त्यांना कळलं की जर्मनीने बॉम्बचा प्रयत्न सोडून दिला आहे. ज्या कारणासाठी आलो तेच उरलं नाही, असं म्हणून त्यांनी काम सोडलं आणि ते इंग्लंडला परतले. विवेकाच्या कारणावरून त्या प्रकल्पातून बाहेर पडलेला एकमेव शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे त्यांनी वैद्यकीय भौतिकशास्त्रात काम केलं, १९५७ पासून पगवॉश परिषदांच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि १९९५ मध्ये पगवॉशबरोबर त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण संशोधक म्हणून दोन गोष्टी नोंदवा. एक, ते गेले तरी बॉम्बचं काम थांबलं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. १९८५ मध्ये या सगळ्याविषयी लिहिताना रॉटब्लॅट यांनी बाकीचे का थांबले, याचाही विचार केला. कुणाला शास्त्रीय कुतूहल होतं, कुणाला जपानबरोबरचं युद्ध संपेपर्यंत थांबावंसं वाटलं, आणि काहींना नोकरीत आपलं पुढे वाईट होईल अशी भीती वाटली. असा विचार करणारेही थोडेच होते, बहुतेकांनी आपल्या कामाचं काय करायचं हे ठरवणं दुसऱ्यांवर सोपवलं होतं, असंही ते म्हणतात.

ती नोकरीची भीती आपण सहज 'कमकुवतपणा' या खात्यात टाकतो. मला वाटतं, खरा ऐतिहासिक प्रश्न तिथेच सुरू होतो. रॉटब्लॅट परतले तेव्हा त्यांच्यामागे एक विद्यापीठ होतं. ज्याच्यामागे फक्त कारखान्याचं गेट आहे, त्या ड्राफ्ट्समनने किंवा टर्नरने काय करायचं?

लुकास एरोस्पेस : काम कमी, माणसं जास्त

आता १९७० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये या. लुकास ही बर्मिंगहॅमची मोठी कंपनी. मोटारींच्या दिव्यांपासून इलेक्ट्रिकल भागांपर्यंत बरंच काही बनवणारी. तिची विमानांचे भाग आणि यंत्रणा बनवणारी शाखा म्हणजे लुकास एरोस्पेस. देशभर विखुरलेले सतरा कारखाने, आणि जवळपास निम्मं काम लष्करी.

या शाखेत १९७० च्या आसपास १८,००० माणसं होती. १९७४ पर्यंत ती १३,००० वर आली. कारखान्यांची फेररचना, नवी यंत्रं, कमी होणाऱ्या ऑर्डरी अशी कारणं होती. त्यातच मजूर पक्षाचं सरकार आलं आणि संरक्षणखर्चात कपात करण्याची भाषा सुरू झाली.

इथे पेच नीट समजून घ्या. यातले बरेच कामगार त्या पक्षाचे मतदार होते. शस्त्रांवरचा खर्च कमी व्हावा असं त्यांच्यातल्या अनेकांना मनापासून वाटत होतं. पण शस्त्रांची ऑर्डर रद्द झाली की नोकरी जाणार होती ती त्यांचीच. म्हणजे शांततेच्या बाजूने मत देणं आणि स्वतःच्या पोटावर पाय देणं हे एकच झालं होतं. नुसता उपदेश अशा जागी काही कामाचा नसतो.

या कारखान्यांमधल्या शॉप स्टुअर्डांनी, म्हणजे कामगारांनी आपल्यातूनच निवडलेल्या युनियन प्रतिनिधींनी, एक संयुक्त समिती उभी केली होती. तिला 'कंबाइन' म्हणत. तिची खासियत अशी की तिच्यात वेगवेगळ्या युनियन एकत्र होत्या. डिझाइनच्या खात्यात बसणारे इंजिनीअर आणि मशीनवर उभे राहणारे कामगार एकाच टेबलाभोवती येत. त्यातलं एक नाव पुढे प्रसिद्ध झालं, ते माइक कूली यांचं. ते मूळचे आयर्लंडचे, कंपनीतले डिझाइन इंजिनीअर आणि युनियनचे पुढारी.

नोव्हेंबर १९७४ मध्ये कंबाइनचे प्रतिनिधी उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटले. लुकासचं राष्ट्रीयीकरण करा, ही मागणी होती. बेन यांना तेवढं आश्वासन देता येईना. पण कंपनीने पुढे काय बनवावं याची योजना तुम्हीच का करत नाही, असा विचार त्या भेटीतून पुढे आला. तो कंबाइनने उचलला.

प्रश्न आधी कोणाला विचारला, मग कोणाला

इथे जे घडलं ते संशोधन-पद्धती शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे.

कंबाइनने सुरुवातीला तज्ज्ञांना पत्रं लिहिली. विद्यापीठं, संस्था, जाणकार मंडळी अशा १८० ठिकाणी. आमच्याकडे अमुक कौशल्याची माणसं आहेत, अमुक यंत्रसामग्री आहे, तर समाजाच्या उपयोगाचं आम्ही काय बनवू शकतो, एवढंच विचारलं होतं. उपयोगी पडणारी उत्तरं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती देणाऱ्यांत ओपन युनिव्हर्सिटीचे डेव्हिड एलियट, क्वीन मेरी कॉलेजचे मेरेडिथ थ्रिंग आणि नॉर्थ ईस्ट लंडन पॉलिटेक्निकचे रिचर्ड फ्लेचर होते. तंत्रज्ञानाच्या सामाजिक उपयोगावर व्याख्यानं देणाऱ्यांची वाण नव्हती. प्रत्यक्ष कारखान्याने विचारलं तेव्हा मात्र सामसूम.

मग समितीने तोच प्रश्न आपल्याच लोकांकडे नेला. प्रत्येक कारखान्यात प्रश्नावली गेली. तुमच्या खात्यात कोणती मशीन आहेत, कोणाला काय येतं, तुमच्या मते आपण काय बनवायला हवं? माणूस फक्त उत्पादक नसतो, तो गिऱ्हाईकही असतो, रुग्णही असतो, शेजारीही असतो, हे गृहीत धरून ती विचारणा केली होती.

उत्तरांचा ढीग आला. त्यातून सुमारे १५० उत्पादनांच्या कल्पना तयार झाल्या, आणि जानेवारी १९७६ मध्ये योजना जाहीर झाली. एकूण सहा खंड, प्रत्येकी साधारण दोनशे पानांचे. नुसती इच्छापत्रं नव्हती ती. तांत्रिक तपशील, हिशेब, कामाची नवी रचना, सगळं त्यात होतं.

विमानाच्या कारखान्यातून काय निघालं असतं

काही नमुने बघा.

डायलिसिसची यंत्रं लुकास आधीपासून थोड्या प्रमाणात बनवत होती. त्यांचं उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी वाढवावं आणि रुग्णाला सोबत नेता येईल असं छोटं यंत्र विकसित करावं, असं योजनेत होतं. घरं गरम ठेवण्यासाठी कमी इंधन लागावं म्हणून हीट पंप होता. रस्त्यावर आणि रुळांवरही धावणारी, रबरी चाकांची बस होती. एक छोटं इंजिन सतत एकाच गतीने चालवून बॅटरी भारायची आणि गाडी विजेच्या मोटरवर पळवायची, अशी संकरित यंत्रणा होती. आज रस्त्यावर दिसणाऱ्या हायब्रिड गाड्यांच्या एका प्रकाराशी तिचं नातं लगेच जुळतं. खाणी, आगी, समुद्रतळ अशा धोक्याच्या ठिकाणी माणसाऐवजी यंत्राचा हात जाईल पण त्या हातामागचं कौशल्य माणसाचंच राहील, अशी दूरनियंत्रित साधनं होती. या शेवटच्या कल्पनेत कूली यांचा एक लाडका आग्रह दिसतो. यंत्राने कारागिराला हटवू नये, त्याचा हात लांब करावा.

आता यादीकडे इंजिनीअरच्या नजरेने पाहा. विमानाच्या कामात लागणारे नेमके व्हॉल्व्ह, जनरेटर, नियंत्रणयंत्रणा, हलक्या धातूचं काम हे सगळं इथे लागतंच. म्हणजे माणसाचं कौशल्य वाया घालवून त्याला टोपल्या विणायला बसवलेलं नाही. कौशल्य तेच ठेवून फक्त त्याची दिशा बदलली आहे. योजनेचं खरं बळ यात आहे.

एक छोटी वस्तू मात्र वेगळी सांगायला हवी, 'हॉबकार्ट'. स्पायना बिफिडा या मणक्याच्या जन्मजात दोषामुळे चालता न येणाऱ्या मुलांसाठी वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यातल्या एका डिझायनरने ही छोटी गाडी तयार केली होती. जमिनीवर सरपटणारी मुलं आता स्वतः हिंडू लागली. कूली यांनी लिहिलं आहे की ऑस्ट्रेलियातल्या अशा मुलांसाठीच्या संघटनेला त्या २,००० हव्या होत्या, पण आपल्या उत्पादनांच्या पठडीत बसत नाही म्हणून कंपनीने ती बनवायला नकार दिला. ते आणखी एक गोष्ट सांगतात. गाडी मुलाला नेऊन दिली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद त्या डिझायनरने पाहिला, आणि आजवरच्या सगळ्या डिझाइनच्या कामापेक्षा तो क्षण त्याला मोठा वाटला.

हे वाचून नुसतं भरून येऊ देऊ नका. त्याचा उलटा अर्थही वाचा. इतकी वर्षं काम करणाऱ्या माणसाने आपली वस्तू वापरणारा माणूस तोवर पाहिलाच नव्हता! लष्करी उत्पादनात हे अंतर सर्वांत मोठं असतं. व्हॉल्व्ह बनवणाऱ्याला फक्त व्हॉल्व्ह दिसतो. तो बसवलेलं विमान कुठे जातं, तिथे काय होतं, हे त्याच्या टेबलापर्यंत येतच नाही. बेजबाबदारपणा हा दर वेळी स्वभावातून येतो असं नाही. पुष्कळदा तो कामाच्या वाटणीतच बसवलेला असतो.

पोट की विवेक?

या प्रसंगावर लिहायला घेतलंत की परीक्षक हमखास विचारतील, हे लोक शांततावादी होते की नोकऱ्या वाचवत होते?

उत्तर असं की सुरुवात नोकऱ्यांपासूनच झाली, आणि ते लपवायचं काही कारण नाही. योजना आखताना काय बनवतो याचाही प्रश्न त्यात मिसळला. कामाचा हक्क मागायचा तर तो उपयोगी काम करण्याचा हक्क म्हणून मागू, अशी मांडणी झाली. पण 'खरा हेतू कोणता' या प्रश्नातच एक गृहीतक दडलेलं आहे, की शुद्ध नैतिक कृती म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेणारी कृती. रॉटब्लॅट यांच्या मापाने मोजलं तर लुकासचे कामगार कमी पडतात. पण ते माप सगळ्यांना लावलं, तर जबाबदारी ही ज्यांना परवडते त्यांचीच मक्तेदारी होऊन बसते.

माझं म्हणणं इतकंच आहे. लुकासच्या लोकांनी विवेकाची किंमत एकट्यादुकट्यावर पडू नये अशी व्यवस्था शोधली. 'मी हे बनवणार नाही' असं एकाने म्हटलं की त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. 'आम्हाला हे बनवायचं आहे, आणि ते कसं बनवायचं हेही आमच्याकडे आहे' असं कारखान्यांनी मिळून म्हटलं की गोष्ट बदलते. नकार एकट्याचा असू शकतो, पर्याय मात्र एकट्याला उभा करता येत नाही.

मग झालं काय?

कंपनीने योजना नाकारली. आपण विमान उद्योगावरच लक्ष देणार, आणि आपली उत्पादनंही समाजाच्या उपयोगाचीच आहेत, असं तिचं म्हणणं होतं. यामागे पैशांचा हिशेब होताच, पण एक मोठा मुद्दा अधिकाराचा होता. काय बनवायचं हे ठरवणं मॅनेजमेंटचं काम मानलं जाई. कामगारांनी पगारावर बोलावं, उत्पादनावर नाही, ही ती रेघ. योजनेने नेमकी तीच ओलांडली होती.

सरकारकडूनही ठोस साथ मिळाली नाही. बेन यांना १९७५ मध्येच दुसऱ्या खात्यात हलवलं होतं. राष्ट्रीय पातळीवरच्या युनियनही अडखळल्या, कारण कंबाइन ही त्यांच्या अधिकृत रचनेच्या बाहेरची समिती होती. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर यांचं सरकार आलं आणि उरलीसुरली जागाही आकसली. १९८१ मध्ये कूली यांना कंपनीने कामावरून काढलं. त्याच वर्षी त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. एकाच माणसाच्या त्याच कामाला एकाच वर्षी मिळालेल्या या दोन पावत्या!

मागे काय उरलं? हीट पंपाचा आणि रस्ता-रूळ बसचा नमुना तयार झाला. योजनेला आधार देण्यासाठी नॉर्थ ईस्ट लंडन पॉलिटेक्निकमध्ये एक केंद्र सुरू झालं. पुढे कूली लंडनच्या ग्रेटर लंडन एंटरप्राइज बोर्डात तंत्रज्ञान विभागाचे संचालक झाले आणि लोकांना यंत्रं, जागा, सल्ला मिळेल अशी केंद्रं तिथे उभी राहिली. १९८६ मध्ये ग्रेटर लंडन काउन्सिलच बरखास्त झाली आणि तो प्रयोगही ओसरला.

तुमच्या कामासाठी तीन गोष्टी

पहिली, साधनांविषयी. या प्रसंगावरचं सर्वांत परिचित पुस्तक हिलरी वेनराइट आणि डेव्हिड एलियट यांचं, १९८२ चं. एलियट म्हणजे पत्राला उत्तर देणाऱ्या मोजक्यांपैकीच एक. दुसरं महत्त्वाचं लेखन स्वतः कूली यांचं. म्हणजे आपल्याला दिसणारं चित्र बरंचसं एका बाजूने, आणि आपुलकीने काढलेलं आहे. हॉबकार्टची गोष्टही तिथूनच येते. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण कंपनीच्या हिशेबवह्यांत, बैठकांच्या टिपणांत तीच गोष्ट कशी दिसेल, हा प्रश्न तुमच्या वहीत असायलाच हवा.

दुसरी, अपयशाविषयी. 'योजना अमलात आली नाही, सबब महत्त्वाची नाही' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. फसलेल्या योजनेतून त्या काळी काय शक्य होतं ते कळतं, आणि ते कोणी अडवलं हेही. लुकासचं तंत्रज्ञान कमी पडलं नाही. कमी पडला तो निर्णयाचा अधिकार. ही फार वेगळी नोंद आहे, आणि ती फसलेल्या योजनेच्या कागदांतूनच मिळते.

तिसरी, विषय आपल्याकडे आणताना. खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी इथे आयुधनिर्माणी आहेत, तिथे युनियन आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथे काम केलेली घरं आहेत. लुकासचं उत्तर त्यांच्यावर लादू नका. देश वेगळा, काळ वेगळा, सीमेचा प्रश्न वेगळा. पण लुकासचा प्रश्न न्यायला हरकत नाही. तुम्हाला काय काय बनवता येतं, आणि काय बनवावं असं तुम्हाला कधी कोणी विचारलं का? माणसं अजून बोलायला आहेत तोवर मौखिक इतिहासाचं हे काम होऊ शकतं.

तुमच्यापैकी काहीजण इंजिनीअरिंग करून संशोधनाकडे वळला असाल. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत निधी कुठून येतो हे कळल्यावर तुमच्याही पोटात कालवाकालव होईल. तेव्हा 'मी राहू की जाऊ' हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. पण त्याच्या जोडीला शेजारच्या टेबलावरच्यांना आणखी एक विचारा. आपल्याला सगळ्यांना मिळून जे येतं, त्यातून दुसरं काय बनू शकतं? आणि आलेली उत्तरं लिहून ठेवा, तपशिलासकट, हिशेबासकट. लुकासच्या लोकांनी ती लिहून ठेवली म्हणूनच आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो.